हलकं हँडल

हुसेनभाईनं हँडल गरगर फिरवलं, कळ पाडली, आणि इंजिन नुसतं फुसफुसून गप्प झालं.

"पेटंना गं, आक्का."

"परत मारा."

त्यानं परत मारलं. परत तेच. तेवढ्यात विहिरीच्या तळातनं पिराजी ओरडला, "पाणी कमरंला लागलं. यारी चालू करा की वो, वर काय झोपा काढताय?"

कमरेला म्हणजे बसलेल्या माणसाच्या कमरेला, आणि तो बसलेला माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ तायाप्पा. सात परस खोल, एका धोंड्याखाली उजवा पाय अडकून तो बसला होता. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. तेवढ्या खोलीवरनं माणसाचं तोंड दिसत नाही, नुसतं पागोटं दिसतं. तायाचं पागोटंही मघाशीच पाण्यात गेलं होतं.

धोंडा माणसांच्यानं हलणारा नव्हता. आम्ही बघितलं होतं की. तारेचा दोर त्याला बांधून वरनं सगळे लोंबकळलो, गडी काय नि बाया काय. हाताची सालटी निघाली, धोंड्यानं कूससुद्धा बदलली नाही. त्याला उचलायचं तर यारीनंच. आणि सकाळी एका दमात पेटलेलं यारीचं इंजिन नेमकं आता रुसून बसलं होतं.

ह्याला पुष्कळ वर्षं झाली. माझ्या डोक्यावर आता एक काळा केस शोधून सापडायचा नाही. पण अजून कुणाच्या रानात इंजिन फुसफुसलं की ते पेटेपर्यंत मी तिथनं हलत नाही. लोक म्हणतात, म्हातारीला काय इंजिनाचं वेड. असू दे वेड.

आम्ही धोत्रे, पिढीजात विहिरी खोदणारे. आधी आमची माणसं खालचा दगड डोक्यावरनं वर आणायची. मग यारी आली. यारी म्हणजे काठावर रोवलेले लोखंडी खांब, त्यावर चाक, चाकावरनं तारेचा दोर, दोराला लोखंडी डबा, आणि हे सगळं ओढायला एक डिझेलचं इंजिन. तायानं ती पै-पै जमवून घेतली होती. तो मुकादम. हुसेनभाई इंजिन चालवायचा, पिराजी आणि दोघं-तिघं गडी खाली दगड फोडायचे, तायाची बायको पारू चूल सांभाळायची. आणि मी काठावर डबा ओतायचे.

माझा नवरा लग्नाच्या दुसऱ्याच साली गेला. सासरच्यांनी बोचकं हातात दिलं आणि ताया मला घेऊन आला. मिसरूड फुटलेलं नव्हतं त्याला तेव्हा. म्हणाला, "आक्का, मी खातोय ते तू खा." तेवढंच बोलला, आणि तेवढं त्यानं पाळलं. त्याच्याशिवाय मला ह्या पृथ्वीवर कोण होतं? आणखी एक काम मी करायचे. सकाळी इंजिन गार असलं की एकट्या माणसाच्यानं ते फिरायचं नाही, मग हुसेनभाईसंगं मी हँडलला लागायचे. कळ उचलून हँडल फिरवायचं, चाकानं वेग घेतला की कळ पाडायची, की मग इंजिन असा दाब द्यायचं की खांदा निखळतोय असं वाटायचं. त्या दाबातनंच ते पेटतं. माझ्या खांद्याला तो दाब पाठ होता.

त्या दिवशी करमाळ्याच्या अलीकडं एका माळावर नरसूअण्णांची विहीर चालली होती. वैशाखाचं ऊन. अण्णांच्या दोन विहिरी आधी कोरड्या गेल्या होत्या, त्यामुळं त्यांची बायको अनुसयाकाकी रोज काठावर येऊन बसायची आणि डब्यातला दगड ओला आहे का ते हात लावून बघायची. चांगली बाई. आम्हाला ताक आणायची, पारूला मुलीसारखं वागवायची. सकाळचा सुरुंग उडाला, धूर निवला, गडी खाली उतरले आणि पिराजीनं आरोळी ठोकली. झरा फुटला होता. साधासुधा नाही, मनगटाएवढी धार. काकी तिथंच मातीत बसून रडली. अण्णा जीप काढून पाहुण्यांना सांगायला आणि पेढे आणायला तालुक्याला गेले.

पाणी लागलं की आमच्यात एक रीत आहे. इंजिन बंद करायचं. मालकिणीनं यंत्राची ओटी भरायची. मग मुकादमानं दोराच्या शिडीनं आपल्या पायांनी खाली उतरून पहिल्या पाण्याचा कलश वर आणायचा, तो येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. आणि भरलेली ओटी दिवेलागणीपर्यंत सोडायची नाही, कुणी म्हणजे कुणी नाही.

काकीनं ताट आणलं. खण, तांदूळ, नारळ, हळदीकुंकू, कण्हेरीचे हार. पारू नवं लुगडं नेसून आली. मी हौसेनं जवळ गेले, तर पारू हळूच म्हणाली, "वन्सं, तुमी जरा पल्याड हुबं ऱ्हावा."

वाईट तोंडानं नाही म्हणाली. पण म्हणाली. मी यंत्राच्या पाठीमागं, विहिरीतनं निघालेल्या डबराच्या ढिगाशी जाऊन उभी राहिले. विधवा बाईनं ओटीच्या वेळी कुठं उभं राहायचं हे काय मला शिकवायला पाहिजे होतं? हुसेनभाईही लांब लिंबाखाली बसला होता. दुसऱ्यांच्या देवाच्या वेळी तो असाच बाजूला व्हायचा, तेलकट हात पुसत.

काकी हसून म्हणाली, "आता ह्या यंत्राला पदर कुठला नि मांडी कुठली? ओटी बांधायची कशाला?"

"गळ्यात बांधा की," पिराजी म्हणाला.

यंत्राचा गळा म्हणून काकीनं इंजिनाच्या डोक्यातनं निघून पलीकडं वाकलेली एक नळी धरली. नळीच्या तोंडाशी भोकाभोकांचं एक पत्र्याचं टोपलं होतं. तांदूळ-नारळाचा खण तिनं त्यालाच लपेटला, गच्च गाठी मारल्या, वर हार घातले. दुसरा नारळ कोयत्यानं फोडून त्याचं पाणी सगळ्यांवर शिंपडलं. हिरवा खण भिजून काळपट झाला. सगळं छान दिसत होतं. मलाही छान वाटलं, कशाला खोटं बोलू?

मग ताया कलश घेऊन खाली उतरला. सुरुंगानं खिळखिळा झालेला एक धोंडा तळाच्या कपारीत नुसता टेकून होता. खालची माती झऱ्यानं धुऊन नेली असणार. ताया कलश भरायला वाकला आणि धोंडा घसरला. आम्हाला वर आधी आवाज आला, मग काहीच नाही, मग तायाची हाक. "आक्का." पारूला नाही, आईला नाही. मला.

पिराजी माकडासारखा शिडीवरनं खाली गेला. एक गडी गावाकडं माणसं आणायला पळाला, पण गाव माळ ओलांडून पार तिकडं. माणसं येणार कधी, आणि येऊन तरी तो धोंडा त्यांना बधणार होता का? पहारी घालायला तळात जागाच नव्हती. पिराजीनं तारेचा दोर धोंड्याला आवळला आणि यारी, यारी म्हणून ओरडायला लागला. काकीच म्हणाली, "चालू करा, कलशाचं ऱ्हाऊ द्या. फकस्त ओटीला हात लावू नका, तेवढीच राखंल त्याला."

आणि इंजिन पेटेना.

"डिझेल बघा," मी म्हटलं.

"हाय डिझेल. सकाळीच भरलंय." तरी हुसेनभाईनं झाकण उघडून बोट बुडवून बघितलं. डिझेलची चावी बघितली, चावी उघडी होती. मग त्यानं पान्हा घेतला आणि नळीचा नट ढिला केला. "हवा धरली आसंल. हवा धरली की डिझेल फुडं सरकत न्हाई." डिझेल बाहेर आलं. बुडबुडा एकही नव्हता. त्यानं नट आवळला, आम्ही दोघांनी हँडल मारलं. फुस्स.

"छातीला," खालनं पिराजी म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. विहिरीत साध्या बोलण्याचाही आवाज घुमून वर येतो.

पारू काठावर पालथी पडून खाली बघत होती. मधेच तायाचा आवाज आला, दात वाजत होते त्याचे. वैशाखातसुद्धा तळाचं पाणी बर्फ असतं.

"पारू, काकीस्नी सांग. पाणी ग्वाड हाय."

काकीनं ते ऐकलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कालपर्यंत ह्याच पाण्यासाठी ती नवस बोलत होती. आता कुणी ते थांबवून दिलं असतं तर तिनं अंगावरचा डागिनासुद्धा काढून दिला असता. मला मात्र त्या झऱ्याचा असा राग आला होता की दगडमातीनं त्याचं तोंड बुजवावं.

हुसेनभाईनं नोझल खोलला. पान्हा हातातनं दोनदा सुटला. नोझल बाहेर धरून त्यानं मला हँडल मारायला लावलं. डिझेलचा फवारा धुक्यासारखा बारीक उडाला.

"हे बी चांगलं हाय," तो म्हणाला, आणि मला वाटलं हा आता रडणार. "डिझेल येतंय, फवारा मारतंय, मग पेटंना का?"

"मला काय इचारताय? तुमचं इंजिन हाय ते."

"आक्का, दाब लागतोय का तुला? हँडलला दाब लागतोय का?"

त्यानं विचारलं तेव्हा मला कळलं. मघापासून खांद्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, ते हे होतं. कळ पाडल्यावर हँडल अडत नव्हतं. रोजचा तो खांदा उपटणारा दाब नव्हताच.

"हलकं लागतंय," मी म्हटलं. "लई हलकं."

हुसेनभाईचं तोंड उतरलं. "मंग वाल अडकला आसंल. न्हाईतर रिंगा गेल्या." त्यानं वरचं झाकण काढून वालच्या दांड्यांवर हातोडीनं ठकठक केलं. दोन्ही नीट खालीवर होत होते. नोझलच्या भोकातनं त्यानं चमचाभर ऑइल आत सोडलं, रिंगांनी दाब धरावा म्हणून. सगळं परत बसवलं, आवळलं. आम्ही हँडल मारलं. मारलं म्हणजे काय, जीव खाऊन मारलं. हँडल तसंच, देवळातल्या घंटेच्या दोरीसारखं हलकं.

"खांद्याला," खालनं आवाज आला. "हुसेनभाई, मी त्येचं डोस्कं धरलंय. पर धारंनं माझे बी पाय सरकाय लागलेत."

हुसेनभाईनं पान्हा फेकून दिला. "ग्यास्केट गेलं," तो म्हणाला. "ग्यास्केट गेलं आसंल तर हितं काय बी हुणार न्हाई. तालुक्यासनं आणाय लागंल." आणि तो इंजिनाला टेकून खाली बसला. पन्नाशीचा माणूस, दोन्ही पाय पसरून बसला आणि त्याच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी यायला लागलं. "ह्याच हातांनी मी त्याला हँडल माराय शिकिवलंय, आक्का."

खालून ताया काहीतरी बोलला. ते मला ऐकू आलं नाही. पारूला आलं असावं, कारण ती उठून गुडघ्यावर बसली आणि नुसती डुलायला लागली.

मला रडू नाही आलं. मला संताप आला. इंजिनाचा, हुसेनभाईचा, त्या गेलेल्या नवऱ्याचा, सगळ्यांचाच. मी एकटीनं हँडल धरलं. कळ उचलली, फिरवायला लागले. एकट्या बाईच्यानं न फिरणारं ते इंजिन फिरत होतं, आणि ते फिरतंय ह्याचीच मला भीती वाटत होती. हँडल मारणाऱ्याचं तोंड विहिरीकडं असतं. पण माझा हात घामानं निसटला, मी भेलकांडून यंत्राच्या पाठीमागं, डबराच्या ढिगावर जाऊन पडले. मघाशी जिथं मला उभं केलं होतं तिथंच.

चाक अजून वेगानं फिरत होतं. आणि मला खणाचा कोपरा दिसला. पत्र्याच्या टोपल्याशी लोंबणारा ओला कोपरा भोकात ओढला जात होता, सुटत होता, परत ओढला जात होता. तहानलेलं वासरू पदर चोखतं ना, तसा. चाक थांबलं, कोपरा थांबला.

हुसेनभाई रोज सकाळी ते टोपलं काढून धूळ झटकायचा. मी एकदा विचारलं होतं, हे काय वो? तो म्हणाला होता, हे इंजिनाचं नाक, आक्का. माणसाला जशी हवा लागती तशी ह्येला बी लागती.

"हुसेनभाई," मी म्हटलं, "ह्येचं नाक दाबलंय."

तो वळून बघत राहिला. कण्हेरीच्या हारांकडं, हिरव्या खणाकडं. मग एकदम उठला, हात पुढं केला, आणि हात तिथंच राहिला. डिझेलनं काळा झालेला हात.

"मी कसं सोडू, आक्का? तुमची पूजा हाय."

मी पुढं झाले. तोवर काकीनं मागनं माझा दंड धरला. बाईच्या बोटांत एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"तू नगं. तू हात लावू नगंस गं. आधीच त्येच्यावर बेतलंय. भरली ओटी तुज्या हातनं सुटली तर काय ऱ्हाईल? पारू, अगं ही बघ काय कराय लागली, तुज्या नवऱ्याच्या नावाची ओटी हाय ती."

पारू धावत आली. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळलं होतं. मला माझ्या कपाळाचा एवढा राग आयुष्यात कधी आला नव्हता.

"पारू," मी म्हटलं, "त्या खणानं इंजिनाची हवा कोंडलीया. मी लावत न्हाई हात. तू सोड. पर आत्ता सोड."

पारूनं एकदा काकीकडं बघितलं आणि गाठीला हात घातला. ओली गाठ, काकीनं जीव लावून आवळलेली, आणि आता इंजिनानं ओढून ओढून आणखी आवळलेली. नखं लागेनात. ती दातांनी ओढायला लागली.

विहिरीतनं पिराजीचा आवाज आला. "व्हटाला लागलं."

पारू थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या दंडावरचा काकीचा हात धरला आणि एकेक बोट उचलून तो काढला.

"काकी, वन्संस्नी सोडा," ती म्हणाली. "सोडा वन्सं, तुमीच."

नारळ फोडायचा कोयता ताटात होता. तो मी उचलला. पण यंत्र अगदी काठावर, नारळ सुटला तर घरंगळत थेट खाली, तायाच्या डोक्यावर. म्हणून मी डाव्या हातानं पदर पसरला, खणाखाली धरला आणि उजव्या हातानं कोयता चालवला. खण टरकन फाटला. तांदूळ, हळकुंडं, सुपारी, नारळ, सगळं माझ्या पदरात पडलं.

क्षणभर सगळे माझ्या पदराकडं बघत राहिले. काकी, पारू, मी. इतक्या वर्षांत माझ्या पदरात कुणी तांदळाचा दाणा घातला नव्हता. पण ते बघत बसायला वेळ कुणाला होता? मी पदराची गाठ मारून ती कमरेला खोचली आणि हँडल धरलं. हुसेनभाईनं फाटका खण नळीवरनं ओरबाडून काढला, टोपलं उपटून फेकलं आणि माझ्या हातांवर हात टाकले.

"पारू, कळ धर. मी म्हनलं की पाड," हुसेनभाई म्हणाला.

आम्ही फिरवायला लागलो. नारळ कमरेशी ठोकर देत होता. चाकानं वेग घेतला.

"पाड."

हँडल अडलं. असं अडलं की माझ्या खांद्यात कळ गेली. तेवढं सुख मला आजवर कुठल्या दुखण्यानं दिलेलं नाही. एक धक्का, काळ्या धुराचा एक लोट, दुसरा धक्का, आणि इंजिन धडधडायला लागलं.

खालनं काही आवाज येत नव्हता. आला असता तरी इंजिनापुढं ऐकू आला नसता. हुसेनभाईनं दांडा ओढला, तारेचा दोर ताठ झाला, खांब करकरले. इंजिन दबलं, आता बंद पडतंय असं वाटलं, आणि मग दोर सावकाश वर यायला लागला. बोटभर, वीतभर, हातभर. पारू काठावर आडवी पडून बघत होती. तिनं हात वर केला, हुसेनभाईनं दोर रोखला. पुढं काय झालं ते मी बघितलं नाही. मी हँडल धरून डोळे मिटून उभी होते.

"आलं, तोंड वर आलं," पारू म्हणाली. "खोकतायत."

धोंडा कपारीत टेकवला, आणि पिराजीनं तायाला डब्यात घालून वर पाठवलं. पायाची पार दशा झाली होती. तोंड निळं पडलं होतं. पण खोकत होता, थुंकत होता, आणि मला बघून म्हणाला, "आक्का, कलश खालीच ऱ्हायला."

तेवढ्यात अण्णा तालुक्यासनं आले, त्यांच्याच जीपमधनं आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. पेढ्यांचा खोका सीटवर तसाच होता. पाय गुडघ्याच्या वरनं काढावा लागला. रात्री दवाखान्याच्या ओसरीत बसलो तेव्हा कुठं मला कमरेशी जड लागलं. नारळ अजून तिथंच होता. मी गाठ सोडली आणि पारूपुढं पदर धरला.

"घे. तुजी हाय."

पारूनं हात मांडीवरनं उचलला नाही. "तुमच्या पदरात पडली ती," एवढंच म्हणाली आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.

काकीनं पुढं विहिरीची शांत केली. विधवा बाईच्या हातनं विपरीत घडलं म्हणून, असं कानावर आलं. मग ते पाणी वापरायला काढलं. अजून आहे विहिरीला पाणी, आटत नाही म्हणतात. मला काकीचा राग नाही. हुसेनभाई मात्र पुष्कळ दिवस स्वतःला खात राहिला. म्हणायचा, "समोर दिसत हुतं की गं. पर मला पूजा दिसत हुती, नळी दिसत न्हवती."

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दुसऱ्या गावाला विहीर धरली. ताया कुबड्या घेऊन काठावर बसायचा आणि तिथनं मुकादमकी करायचा. पाणी लागलं. इंजिन बंद केलं. मालकाच्या घरनं ताट आलं, बरोबर त्यांची म्हातारी आई. मला काही सांगायची गरज नव्हती, मी आपली डबराच्या ढिगाकडं निघाले.

"आक्का, कुठं चाललीस?" ताया म्हणाला.

"हाय की हितंच."

"मागं फीर. ओटी तू भरायची."

म्हातारीनं माझ्या कपाळाकडं बघितलं आणि ताट मागं ओढलं. "आरं मुकादम, शुद्धीवर हायेस का? ती भरंल व्हय ओटी?"

तायानं आवाज चढवला नाही. तो उठून शिडीपर्यंत गेला, कुबड्या बाजूला ठेवल्या आणि तिच्या तोंडाशी, उतरायच्या वाटेवरच, उरलेला पाय सोडून बसला.

"आज्जे, पयला कलश आणायला माझा माणूस उतरनार हाय," तो म्हणाला. "ओटी माजी आक्का भरंल, तरच उतरंल. न्हाईतर तुमी तुमची विहीर घ्या, आमी आमची यारी घेतो."

पिराजी कलश हातात घेऊन उभा होता, तो खाली बसला. हुसेनभाई लांब एका झाडाखालनं उठून बघत होता. मालक एकदा आईकडं आणि एकदा विहिरीत चकाकणाऱ्या पाण्याकडं बघत होता. मला वाटत होतं की ढिगाकडं पळून जावं आणि तोंड लपवावं.

मग पारू म्हातारीपुढं गेली. तिनं ताट मागितलं नाही, दोन्ही हात पुढं करून नुसती उभी राहिली, तोवर म्हातारीनं ते सोडलं. पारू ते घेऊन माझ्याकडं वळली.

"वन्सं," ती म्हणाली, "जरा अल्याड या की."

मी गेले. तांदूळ सांडत होते. यंत्राला हळदीकुंकू लावलं. खणात नारळ घातला, तांदूळ घातले. आणि ओटी बांधली ती पायथ्याच्या लोखंडी खांबाला, इंजिनाच्या नाकापासून चांगली हातभर लांब.